आधी शेक, मग व्यायाम

डोळ्यांच्या डॉक्टरकडं माणूस यंत्रावर हनुवटी टेकवून गप्प बसतो. दातांच्या डॉक्टरकडं तोंड उघडं असतं, पण बोलता येत नाही. सर्जनचा पेशंट तर बेशुद्धच! आमच्याकडं येणाऱ्याचा गुडघा दुखत असतो, कंबर दुखत असते, तोंड मात्र ठणठणीत असतं. त्यात आम्ही त्याला शेक लावून वीस मिनिटं पालथं झोपवतो. मग तो माणूस करणार काय? बोलणार! अशी वीस-वीस मिनिटं जमत गेली की किस्से आपोआप साठतात, त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, फिजिओथेरपीचं क्लिनिक काढलं. दोन खोल्या, तीन टेबलं, मध्ये हिरवे पडदे. मदतीला सुमनताई कांबळे. त्या आधी एका प्रसूतिगृहात आया होत्या, त्यामुळं कुणी कितीही ओरडलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. शेकाच्या पिशव्या गरम करणं, शेकाचं मेण वितळवणं, नंबर लावणं आणि पेशंटला झापणं ही सगळी खाती त्यांच्याकडं. चौदा एप्रिल सोडला तर त्यांनी कधी सुट्टी घेतल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा लोकांना दुखण्यावर दोनच उपाय ठाऊक होते, इंजेक्शन नाहीतर मालिश. व्यायाम हाही उपाय असतो, हे कुणाला पटायचंच नाही. व्यायाम म्हणजे तालमीतल्या जोर-बैठका! साठीच्या बाईनं टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची, हा कसला व्यायाम? आणि मला तर लोकांनी घरी जाऊन नेमकं तेवढंच करावं असं वाटायचं, कारण खरा गुण त्यानंच यायचा. ह्या एका गोष्टीपायी मी घसा फोडून घेतलाय.

*

सुरुवातीच्या दिवसांत गगनबावड्याकडचे एक शेतकरी आले. गुडघा धरलेला. तिकडचा पाऊस, घाटातला चढ-उतार, भाताची खाचरं, गुडघा तरी काय करणार! मी तपासलं आणि अर्धा तास खपून तीन सोपे व्यायाम शिकवले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, पाय हलवायचाच हुता तर गावात बी हलला असता. येस्टीनं येवढ्या लांब आलोय. काय तरी लावा की!"

सुमनताईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आधी मशीन लावायचं, मग व्यायाम सांगायचा. आरती झाल्याबिगर परसाद कोण घेतंय का?"

मी शेकाचं मशीन लावलं. लाल दिवा लागला, बारीक घूं आवाज यायला लागला आणि पावण्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पाचच मिनिटांत लाईट गेली. मी गुडघ्यावरचे पॅड काढायला गेले, तर त्यांनी माझा हात अडवला.

"असू द्या, असू द्या. लाईट गेली म्हणून काय झालं? मशीन तर हाय न्हवं!"

*

एका तालमीतला पैलवान खांदा आखडला म्हणून आला. अंगानं एवढा, की आमचं टेबल करकरलं. मी त्याच्या हातात अर्ध्या किलोचं डंबेल दिलं. त्यानं ते तळहातावर उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, ह्यो कागदावर ठेवायचा हाय काय?"

पण खांदा खरंच दुखत होता. तेवढ्याशा डंबेलनंही कपाळावर घाम आला. मग तो मुकाट्यानं रोज यायला लागला. अट एकच, पडदा पूर्ण ओढायचा आणि तालमीत कुणाला कळू द्यायचं नाही. "वस्तादांना कळलं तर संपलं माझं. अर्ध्या किलोला घाम येतोय म्हणतील!"

पुढच्या आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ आले. कान मोडलेले, मान खांद्यात घुसलेली. त्यांचाही खांदा! त्यांचीही तीच अट. "पडदा लावा पोरी. माझ्या पोरांना कळाय नको. वस्ताद हाय मी."

मी दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या. पण कोल्हापुरात वेळ दिली म्हणून माणूस त्याच वेळेला येतो असं थोडंच आहे? एके दिवशी दोघेही शेजारशेजारच्या पडद्याआड, दोघांच्याही हातात अर्धा-अर्धा किलो. तेवढ्यात सुमनताई चहा घेऊन आल्या आणि त्यांनी दोन्ही पडदे एकदमच सरकवले.

वस्ताद गरजले, "तू हितं काय करालाईस रं?"

पैलवान डंबेल पाठीमागं लपवत ताठ उभा राहिला. "तुमची तब्येत इचाराय आलतो, वस्ताद!"

*

करंटचं मशीन लावताना आम्ही पेशंटला सांगतो, "मुंग्या आल्यासारखं वाटलं की सांगा." मुंग्या आल्या की करंट तिथंच थांबवायचा, एवढं साधं आहे.

गडहिंग्लजचे एक एसटी ड्रायव्हर पाठ धरली म्हणून आले होते. मी बटण थोडं फिरवलं. "आल्या मुंग्या?"

"न्हाय."

अजून फिरवलं. "आल्या?"

"न्हाय."

मशीन बिघडलं असेल म्हणून मी पाठीकडं बघितलं, तर स्नायू टणाटण उडत होते! मी घाबरून बटण खाली आणलं. "अहो, तुम्हाला काहीच कळत नाही?"

"कळतंय की. मुंग्या मघाशीच येऊन गेल्या. आता पार मुंगळं हाईत." घाम पुसत ते म्हणाले, "मला वाटलं, जो जास्त सोसंल तो लवकर बरा हुईल."

*

जयसिंगपूरच्या एक आजी यायच्या. जैन घरातल्या, शिस्तीच्या पक्क्या. दिवस मावळायच्या आत घरी पोचून जेवण व्हायला हवं, त्यामुळं त्यांचा नंबर भर दुपारी. दोन्ही गुडघे सुजलेले. बरोबर सून यायची. सून गरीब स्वभावाची, स्वतःची कंबर धरून चालायची, पण तिच्या कंबरेबद्दल कुणी बोलायचं नाही.

रोज येणं शक्य नव्हतं, म्हणून मी सुनेलाच सगळे व्यायाम करून दाखवले. कंबरेपासून पावलापर्यंतचे, सकाळ-संध्याकाळ करायचे. "आजींच्याकडून हे न चुकता व्हायला पाहिजे," असं तिला बजावलं.

महिन्यानं दोघी आल्या. आजींचे गुडघे होते तसेच. मी जरा चिडलेच. "आजी, व्यायाम केलेला दिसत नाही!"

"एक दिवस चुकवला न्हाई!" आजी ठासून म्हणाल्या. "दोन्ही टायमाला. ईचार की हिला."

सुनेनं मान हलवली. ती खोटं बोलणारी वाटत नव्हती. मला काही उलगडेना. मग सहज लक्ष गेलं, सून ताठ उभी होती. कंबरेवरचा हात गेला होता, चेहऱ्यावर तकाकी आली होती.

"आजी, व्यायाम नक्की कोण करतं?"

"ती करती की," आजी म्हणाल्या. "मी समोर बसून करवून घेते. आता घरातलं सगळंच तिच्याकडं दिलंय, त्यात हे कशाला मागं ठेवू?"

मला हसू आलं आणि त्या सुनेसाठी बरंही वाटलं. आजींना मी पहिल्यापासून शिकवायला घेतलं. सुनेचा व्यायाम मात्र बंद करू दिला नाही.

*

एकदा माझीच मान धरली. दिवसभर लोकांच्या पाठीवर वाकून वाकून दुसरं काय होणार! दोन दिवस गळ्यात पट्टा घालून काम करायचं ठरवलं, आणि सकाळी पहिल्याच बाईंनी दारातून मला बघून चप्पल परत पायात सरकवली.

"हिचीच मान आखडलीया, ही आमची काय सोडवणार?" असं त्या जिन्यात कुणाला तरी सांगत होत्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुमनताई जिन्यात गेल्या आणि मोठ्या आवाजात म्हणाल्या, "आवो, मान कुठली आखडतीया! नवीन पट्टा आलाय पुण्याहून. पेशंटला द्यायच्या आधी मॅडम स्वतः दोन दिवस घालून बघत्यात. येवढं कोण करतंय का आजकाल?"

त्या बाई परत आल्या. त्यांचा घोटा मुरगळलेला होता. जाताना म्हणाल्या, "तसला पट्टा मला बी पायजे."

*

दोन हजार सालानंतर आमच्याकडं कंबर ओढायचं नवीन टेबल आलं. छातीला एक पट्टा, कंबरेला एक पट्टा, आणि मशीन हळूहळू ओढ देतं. एकदा बांधलं की माणसाला अर्धा तास उठता येत नाही.

एक नगरसेवक ह्या टेबलावर यायचे. माणूस लोकप्रिय, पण सापडायचा नाही. घरी गेलं तर महापालिकेत, महापालिकेत गेलं तर दौऱ्यावर. सुमनताईंच्या गल्लीतलं गटार तुंबून कित्येक महिने झाले होते. गल्लीतल्या बायका साहेबांना शोधून शोधून दमल्या होत्या.

एका दुपारी साहेबांना बांधून मी आतल्या खोलीत गेले. बाहेर येऊन बघते तर टेबलाभोवती नऊवारी-सहावारी मिळून गल्ली उभी! सुमनताई कोपऱ्यात शांतपणे पिशव्यांच्या घड्या घालत होत्या.

"मॅडम, सोडा मला!" साहेब ओरडले.

"मधेच सोडलं तर कंबर लचकते, साहेब," मी म्हणाले. ते खरंच होतं, पण त्या दिवशी मला ते सांगताना जरा जास्तच आनंद झाला.

एक म्हातारी पुढं झाली. तिनं कौतुकानं ते पट्टे हात लावून बघितले. "ह्ये मशीन लई झ्याक हाय गं सुमन. म्हापालिकेत बी एक बसवाय पायजे!"

त्या आठवड्यात गटार साफ झालं. साहेबांची कंबर अजून दुखत होती, पण त्यांनी निरोप पाठवला की एकदम बरं वाटतंय.

*

आता तातोबांचा किस्सा.

तातोबा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर बसायचे. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगते, ह्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीच आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, गवळी धार काढतो आणि फेसाळ दूध तिथल्या तिथं ग्लासात. तातोबांच्या हाताला नाव होतं. त्यांच्यासारखा फेस कुणाचा येत नाही म्हणून लोक दुसऱ्या पेठेतून यायचे. त्यांच्या म्हशीचं नाव हरणी. आकार ट्रकएवढा, आणि तातोबांशिवाय दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडायची नाही.

गोठ्यात पाय घसरला आणि तातोबांचं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात लाकडासारखा. मूठ अर्धीसुद्धा वळेना. माझ्यासमोर बसून त्यांनी तो हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, बाकी काय बी नको. कट्ट्यावर बसून धार काढता आली पायजे. न्हायतर मी कोण?"

"मग आता धार कोण काढतंय?" मी विचारलं.

त्यांनी अंगठ्यानं मागं खूण केली. मागं त्यांची बायको बसली होती, आक्काताई. डोक्यावर पदर आणि लुगड्यावर तातोबांचा खाकी शर्ट, गळ्यात त्यांचाच मफलर. हरणीला वास मालकाचा आला पाहिजे म्हणून! पहिले दोन दिवस म्हशीनं लाथा झाडल्या, मग शर्टाला फसून पान्हा सोडला. त्या कट्ट्यावर बाईमाणूस धार काढताना मी तरी तोवर पाहिलं नव्हतं. तातोबांना तर त्याची लाज वाटायची. "लोक हसत्यात," ते म्हणाले. आक्काताईंनी गळ्यातला मफलर नीट केला.

उपचार सुरू झाले. आधी कोमट मेणात हात बुडवायचा, मग ओला टॉवेल पिळायचा, मग स्पंजचा चेंडू दाबायचा. तातोबा सगळं करायचे, पण चेंडूवर त्यांचा विश्वास बसेना. "मॅडम, चेंडूला सड कुठं असत्यात?"

म्हशीच्या सडांसारखं धरून ओढता येईल असं काही हवं, म्हणून मी एक युक्ती केली. रबरी हातमोज्यात पाणी भरलं, बोटांच्या टोकांना सुईनं भोकं पाडली आणि तो मोजा खांद्याच्या व्यायामाच्या दोरीला टांगून खाली बादली ठेवली. तातोबा स्टूल ओढून बसले, मोज्याला थोपटलं आणि बोट मुठीत धरून ओढलं. चुळुक! बारीक धार बादलीत पडली. बाकी पेशंट आपापला शेक टाकून बघायला जमले. सुमनताई रोज विचारायच्या, "तातोबा, आज किती दिलं म्हशीनं?"

माझ्या सगळ्या वर्षांत घरी जाऊन इतक्या निष्ठेनं व्यायाम करणारा दुसरा माणूस मी बघितला नाही. त्यांच्या न्हाणीघरात म्हणे दोन मोजे टांगलेले असायचे.

आक्काताई रोज बरोबर यायच्या, कारण आमच्याकडून त्या तशाच कट्ट्यावर जायच्या. हातात चरवी असायची. म्हशी घेऊन दीर पुढं गेलेला असायचा. सुरुवातीला त्या बाकावर गप्प बसायच्या. मग हळूहळू सुमनताईंशी बोलायला लागल्या. काल पेन्शनर मास्तर तीन ग्लास प्याले. परवा एका वकिलांनी विचारलं, वैनी, उद्या हाईसा न्हवं? कॉलेजची पोरं मावशी म्हणत्यात. लग्न होऊन तीस वर्षं गोठा आणि चूल यांच्या बाहेर त्या कुठं उभ्या राहिल्या नव्हत्या, असं त्यांनीच एकदा सुमनताईंना सांगितलं.

एके दिवशी माझ्या लक्षात आलं, त्यांच्या अंगात खाकी शर्ट नव्हता.

"आक्काताई, शर्ट विसरलात की काय?"

"आता लागत न्हाय," त्या म्हणाल्या. "वळखती मला."

तातोबा तेव्हा मोजा पिळत होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

दिवाळीच्या जरा आधी तातोबांची मूठ पूर्ण वळली. मी माझं बोट त्यांच्या मुठीत दिलं आणि ओढा म्हणाले, तर मीच ओरडले! सुमनताईंनी टाळ्या वाजवल्या. मी म्हणाले, "तातोबा, हात बरा झाला. उद्यापासून बसा कट्ट्यावर." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि डोळे पुसले. आक्काताईंनी त्यांचा टॉवेल उचलला, सावकाश घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

आठवडाभरानं तातोबा परत आले, मागोमाग आक्काताई. तातोबांचा चेहरा उतरलेला.

"मॅडम, बघा जरा. हातात काय तरी खोट ऱ्हायलीया."

मी मनगट बघितलं, अंगठा बघितला, पकड बघितली. हात उत्तम होता. तसं सांगितलं.

"मग हरणी पान्हा का चोरती?" तातोबा कळवळून म्हणाले. "मी बसलो की पाय झाडती. थेंब देत न्हाय. ही नुसती शेजारी जाऊन हुबी ऱ्हायली की घळाघळा सोडती! चार दिस झालं. काल मास्तर मला म्हणत्यात, तातोबा, तुम्ही सरका, वैनींना बसू द्या. ज्या म्हशीला मी लहानाची मोठी केली ती मला वळखंना झालीया!"

हाताचा उपाय माझ्याकडं होता. म्हशीचा कुठून आणू?

तातोबा एकदम उसळले. "मग आता काय मी हिचं लुगडं नेसून धार काढू व्हय?"

सुमनताईंनी मेणाच्या भांड्याकडं तोंड फिरवलं. आक्काताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पदर खोचला आणि बाकाखालची चरवी उचलली.

"गिऱ्हाईकं थांबली असतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेक घ्या चांगला, आणि या मागनं सावकाश."